हाताने सुरू होणारी विमानं आणि ती उडवणारे शेतकरी

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्रँडन-व्हर्डनच्या पट्ट्यात, अजूनही काही शेतांच्या कडेला गवताची एक लांब पट्टी बारीक कापून ठेवलेली दिसते. टोकाला पत्र्याची शेड. आत एका बाजूला पेरणीयंत्र, दुसऱ्या बाजूला पिवळं पायपर कब, म्हणजे दोन जणांचं छोटं विमान. ही विमानं सांभाळणाऱ्या आणि उडवणाऱ्या आमच्यासारख्या माणसांसाठी त्यांच्या पहिल्या मालकांचा इतिहास फक्त कागदावर नसतो, तो रोज हाताखालून जातो. १९२०च्या आसपास जन्मलेली ही पिढी. १९३०च्या दशकातला दुष्काळ शेतात काढला, १९४० ते ४५ वायुदलात गेली, आणि परत येऊन गव्हाच्या जोडीला एक छोटं विमान ठेवलं. शेतकरी, युद्धवैमानिक आणि गावचा पायलट अशा तीन आयुष्यांत त्यांची नोंद होते. आमच्या मते कामं तीन असली तरी कसब बरंचसं एकच होतं, आणि विमान सुरू करण्यापासून ते शेडमध्ये परत लावण्यापर्यंत ते पदोपदी दिसतं.

सुरुवात ट्रॅक्टरपासून करावी लागते. त्या काळी प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मैदानी भागात, जॉन डीअरचा ‘डी’ मॉडेल सगळीकडे असायचा: दोन आडवे सिलिंडर, डाव्या अंगाला उघडं फ्लायव्हील, आणि ते हातानेच फिरवायचं. आधी सिलिंडरवरचे छोटे कॉक उघडून कॉम्प्रेशन सोडायचं, पेट्रोलवर सुरू करायचं, कॉक बंद करायचे आणि इंजिन चांगलं तापलं की रॉकेलवर घ्यायचं. घाईने रॉकेलवर घेतलं तर ते जळत नाही, पिस्टनच्या कडेने खाली उतरून तेल पातळ करतं. ठिणगी मॅग्नेटोची, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्राची; बॅटरी नाही. मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग असतं: आतली स्प्रिंग ताणली जाते आणि ठरावीक जागी ‘खट्’ करून सुटते. त्यामुळे हाताने सावकाश फिरवलं तरी ठिणगी जोरात आणि जरा उशिरा पडते. उशिरा पडणं महत्त्वाचं, कारण लवकर पडली तर इंजिन उलटा झटका मारतं. आपल्याकडे विहिरीवरच्या जुन्या किर्लोस्कर इंजिनाला हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला शिकवत, त्यामागचं कारण हेच.

हा ‘खट्’ ज्याच्या कानात बसला आहे त्याला टायगर मॉथसमोर, म्हणजे युद्धकाळातल्या दुपंखी सराव विमानासमोर, उभं केलं की निम्मं शिक्षण झालेलं असतं.

टायगर मॉथला बॅटरी नाही, स्टार्टर नाही. १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन, चार सिलिंडर, आणि तेही उलटे टांगलेले, म्हणजे पिस्टन वर आणि सिलिंडरचं डोकं खाली. (कॅनडात बनलेल्या ‘८२ सी’ मॉडेलला थोडं ताकदवान इंजिन, चाकांना ब्रेक आणि डोक्यावर सरकतं झाकण होतं. इथल्या थंडीत उघड्या कॉकपिटमध्ये शिकवणं म्हणजे शिक्षाच झाली असती.) उलट्या इंजिनाची एक खोड आहे. विमान उभं राहिलं की तेल रिंगांवरून झिरपून सिलिंडरच्या डोक्यात साचतं. तेल दाबलं जात नाही. तशातच इंजिन सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून दिवसाच्या पहिल्या सुरुवातीआधी स्विच बंद ठेवून प्रोपेलर हाताने हळू फिरवून पाहायचा. कुठे अडला तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल गळू द्यायचं.

नंतरचं काम दोघांचं. एक कॉकपिटमध्ये, एक प्रोपेलरसमोर. खालच्याने कार्ब्युरेटरची कळ दाबून ओव्हरफ्लोमधून पेट्रोल टपकेपर्यंत भरायचं. मग आरोळी: “स्विचेस ऑफ, पेट्रोल ऑन, थ्रॉटल क्लोज्ड, सकिंग इन!” आतल्याने प्रत्येक शब्द जसाच्या तसा परत म्हणायचा. नुसतं “हो हो” चालत नाही, आणि इतक्या वर्षांनीही आमच्याकडे त्यावरून तंबी मिळते. प्रोपेलरचं पातं चार वेळा ओढून मिश्रण आत घ्यायचं. मग थ्रॉटल किंचित उघडा, इम्पल्स असलेल्या मॅग्नेटोचा स्विच चालू, “कॉन्टॅक्ट!”, आणि पातं खाली ओढून त्याच लयीत मागे सरकायचं. बोटं पात्याच्या कडेला अडकवायची नाहीत, फक्त टेकवायची. पायाखाली ओलं गवत किंवा बर्फ असेल तर आधी जागा बदला. पाय घसरला तर माणूस पुढे पडतो, आणि पुढे प्रोपेलर आहे.

इंजिन लागत नसेल तर बहुतेक वेळा पेट्रोल जास्त झालेलं असतं. स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रोपेलर उलटा फिरवून जास्तीचं मिश्रण बाहेर काढा आणि पहिल्यापासून सुरू करा. यात एक गोष्ट लोक विसरतात: थ्रॉटल परत मिटवायचा. उघडा राहिला आणि इंजिन लागलं तर विमान माणसाला न घेताच निघतं. शेपूट खुंटीला बांधल्याशिवाय आणि चाकांना ओंडके लावल्याशिवाय आम्ही प्रोपेलरला हात लावत नाही, ते यासाठीच.

आणि स्विच ‘ऑफ’ दिसतो म्हणून मॅग्नेटो मेला असं समजू नये. मॅग्नेटो बंद होतो तो जमिनीला जोडणाऱ्या तारेमुळे. ती तार तुटली तर स्विच कुठेही असो, मॅग्नेटो जिवंतच. म्हणून उड्डाण संपवताना इंजिन मंद चालू असताना क्षणभर दोन्ही स्विच बंद करून बघायचं. इंजिन मरू लागलं तर तार ठीक. चालतच राहिलं तर त्या प्रोपेलरवर पाटी लटकवायची आणि तार दुरुस्त होईपर्यंत कोणी जवळ जायचं नाही.

ही विमानं इथे आली ती ब्रिटिश कॉमनवेल्थ एअर ट्रेनिंग प्लॅनमुळे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिक प्रशिक्षण योजनेमुळे. १७ डिसेंबर १९३९ला ओटावात करार झाला आणि ३१ मार्च १९४५पर्यंत कॅनडातून १,३१,५५३ वैमानिक, नेव्हिगेटर, गनर वगैरे तयार होऊन बाहेर पडले. जागा मोकळी, जमीन सपाट, जर्मन विमानं दूर, म्हणून प्रेअरीवर गावोगाव धावपट्ट्या झाल्या, बहुतेक त्रिकोणी, म्हणजे वारा कुठूनही आला तरी एक पट्टी बऱ्यापैकी समोर मिळते. व्हर्डनला उड्डाणाची प्राथमिक शाळा होती, ब्रँडन आणि सूरीसला पुढची. ब्रँडनच्या जुन्या हँगरमध्ये आज या योजनेचं संग्रहालय आहे.

पोरगं आधी मॅनिंग डेपोत, म्हणजे भरती केंद्रात, जाई: केस कापणं, लसी, कवायत. मग इनिशियल ट्रेनिंग स्कूल, तिथे गणित, मोर्स, हवामान. सुरुवातीला हायस्कूल पूर्ण हवं अशी अट होती आणि शेतातल्या पोरांची खरी अडचण तिथेच होती. इंजिन उघडून लावणाऱ्याला वेगांचा त्रिकोण कागदावर काढता येत नसे. याच टप्प्यावर लिंक ट्रेनर: ऑर्गनच्या भात्यांवर हलणारी एक पेटी, आत बसून झाकण लावलं की फक्त काट्यांवर विश्वास. एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, त्यामुळे भाते आयते होते. ढगात शिरल्यावर शरीराला जे वाटतं ते खोटं असतं हे शेतात कोणी शिकवत नाही. वायुदलाने शेतकऱ्याला नव्याने काय दिलं असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर हेच: काट्यांवरची निष्ठा आणि चेकलिस्ट. बाकी बरंच त्याच्याकडे होतं.

प्राथमिक शाळेत सुमारे ८ आठवडे आणि ५०च्या पुढे तास. पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, साधारण ८ ते १२ तासांत. त्यापेक्षा फार लांबला तर पोराची रवानगी नेव्हिगेटर किंवा गनरच्या शाळेत. टायगर मॉथमध्ये शिकाऊ मागे बसतो, शिक्षक पुढे, बोलणं रबरी नळीतून. गिरकी, म्हणजे स्पिन, हा त्यातला भीतीचा धडा. थ्रॉटल बंद, गिरकीच्या उलट बाजूचा रडर पूर्ण, क्षणभर थांबा, मग काठी पुढे, गिरकी थांबली की रडर मध्ये आणि हळू वर. चूक होते ती काठीत. जमीन समोर फिरताना दिसली की हात आपोआप काठी मागे ओढतो, आणि तीच ओढ गिरकी चालू ठेवते.

इथे एक बारकावा. जिप्सी मेजरचा प्रोपेलर कॉकपिटमधून पाहिलं तर उलटा, डावीकडे फिरतो, त्यामुळे उड्डाणाच्या धावेत टायगर मॉथ उजवीकडे ओढतं आणि डावा पाय लागतो. हार्वर्ड (पुढच्या शाळेतलं जास्त ताकदीचं सराव विमान), कब आणि बहुतेक अमेरिकी इंजिनं याच्या उलट. पुढच्या शाळेत हार्वर्डवर बसलेल्या पोरांचे पाय पहिले काही दिवस चुकीच्या बाजूला जात. हार्वर्ड तर चूक माफ करणारं विमानही नव्हे. जी विमानं शेपटीच्या चाकावर बसतात त्यांचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं. उतरल्यावर नाक जरा वळलं की मागचं वजन पुढे यायला बघतं, आणि वेळेत रडर दिला नाही तर विमान गोल फिरून पंख टेकवतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. उपाय एकच: चाकं टेकली म्हणजे उड्डाण संपलं असं मानायचं नाही, शेडसमोर इंजिन बंद होईपर्यंत पाय जागे ठेवायचे.

जे दोन इंजिनांच्या ॲन्सन किंवा क्रेनवर शिकले ते बहुधा बॉम्बरवर गेले. इंग्लंडमध्ये आधी वेलिंग्टन, मग हॅलिफॅक्स किंवा लँकॅस्टर. यॉर्कशरमध्ये १ जानेवारी १९४३पासून कॅनडाचा स्वतःचा ६ नंबर ग्रुप होता. पहिली पाळी ३० मोहिमांची. भरलेलं लँकॅस्टर धावताना डावीकडे ओढतं, म्हणून डावीकडचे थ्रॉटल जरा आधी पुढे ढकलायचे आणि शेपूट उचलून रडर पकडू लागला की बाकीचे. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण परतले नाहीत, त्यात जवळजवळ १०,००० कॅनेडियन वायुदलाचे. लॉगबुकात रात्रीचं उड्डाण लाल शाईने लिहीत. ती लाल पानं आम्ही पाहिली आहेत, त्यावर जास्त लिहिण्याचा अधिकार आमचा नाही.

परत आलेल्यांना व्हेटरन्स लँड ॲक्टखाली जमिनीसाठी कर्ज मिळालं, आणि वायुदलाने मोडीत काढलेली विमानं लिलावात. गंमत म्हणजे बहुतेक ॲन्सन शेतकऱ्यांनी उडवण्यासाठी घेतलेच नाहीत. टाकीत उरलेलं पेट्रोल, चाकं गाडीला, प्लायवूड कोंबड्यांच्या खुराड्याला, नटबोल्ट डब्यात. आज संग्रहालयं याच शेतांतले सांगाडे जोडून विमानं उभी करतात. उडवायला त्यांनी घेतलं ते कब किंवा टायगर मॉथ.

कब हे अवजार म्हणूनच पाहावं. ६५ अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन, टाकी ४५ लिटर, ताशी १६ लिटर खर्च, वेग ताशी १२०च्या आसपास. एकट्याने उडवायचं तर मागच्या सीटवर बसायचं, पुढे बसलात तर तोल बिघडतो. प्रोपेलर एकट्याला मागच्या बाजूने, उजव्या दाराजवळ उभं राहून मारता येतो: डावा हात दाराच्या चौकटीला, उजवा पात्यावर, उजवा पाय चाकापुढे. पेट्रोलचं माप म्हणजे टाकीत बुचाचा फ्लोट आणि झाकणातून वर आलेली तार. तार खाली बसत गेली की पेट्रोल कमी. खडबडीत हवेत ती नाचते, म्हणून घड्याळ आणि तार दोन्ही पाहायचं आणि ज्यात कमी दिसेल ते खरं मानायचं. हे हसण्यावारी नेऊ नये. २३ जुलै १९८३ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ पाऊंड आणि किलोच्या गोंधळात अर्धंच इंधन घेऊन निघालं आणि इंजिनं बंद पडल्यावर याच प्रांतात गिमलीच्या वायुदलाच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत येऊन उतरलं. सगळे वाचले.

पेट्रोल डब्यातून भरताना शॅम्वा चामड्यातून गाळायचं. भिजलेलं चामडं पेट्रोल जाऊ देतं, पाणी अडवतं. नरसाळं, डबा आणि विमान तारेने एकमेकांना जोडा, नाहीतर साठलेल्या स्थिर विजेची ठिणगी.

दमट हवेतला खरा शत्रू कार्ब्युरेटरमधला बर्फ. बाहेर १५ अंश असलं तरी पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान शून्याखाली जातं. लक्षण साधं: थ्रॉटल हलवलेला नाही आणि इंजिनाचे फेरे हळूहळू उतरताहेत. गरम हवेची कळ पूर्ण ओढायची. आधी इंजिन आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. इथे घाबरून कळ परत ढकलणारे फसतात. तशीच धरून ठेवली की फेरे परत चढतात.

गावच्या पायलटचं अर्धं काम वरून शेत ओळखणं. इथली जमीन एक-एक मैलाच्या चौकोनांत मोजलेली, कडा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, त्यामुळे होकायंत्र खिडकीबाहेरच अंथरलेलं असतं. रस्ता चुकलात तर रेल्वे पकडा. दर काही मैलांवर धान्याचं उंच लाकडी एलिव्हेटर, म्हणजे साठवणीचा मनोरा, असे आणि त्यावर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत. आता त्यातली बहुतेक पाडली गेली आहेत. जीपीएसवाल्यांना फरक पडत नाही, आम्हाला पडतो.

वाऱ्यासाठी तळं बघायचं. ज्या काठाला पाणी आरशासारखं स्थिर, वारा त्या काठाकडून येतोय. तळं नसेल तर ट्रॅक्टरमागची धूळ, नाहीतर दोरीवरचे कपडे. शेतात उतरण्याआधी एक फेरी खालून मारायची आणि तारा शोधायच्या. तार दिसत नाही, खांब दिसतात, म्हणून खांबांची रांग शोधा. धसकटांचं रान ओळींच्या दिशेने चालतं. पड ठेवलेली, नांगरलेली जमीन वरून गुळगुळीत दिसते आणि चाकं धरते. पावसानंतर वापसा आलाय का हे शेतकऱ्याला रंगावरून कळतं: काळं चकाकतंय तर चिखल, करडं फिकट तर चालेल. बाहेरून आलेला पायलट इथेच नाकावर उलथतो. गवतातली गोफरची (खारीसारख्या प्राण्याची) बिळं मात्र कोणालाच वरून दिसत नाहीत.

उतरताना साधारण ताशी ९५ किमी धरून यायचं. कब ६० किमीच्या आसपास पंखांची उचल सोडतं, आणि उजवं दार उघडं असेल तर खालची फळी त्याच्या जरा आधी स्वतःहून वर उचलते. यासारखी इशारा देणारी यंत्रणा पैसे देऊन मिळत नाही.

२,४-डी हे तणनाशक १९४५नंतर आलं आणि कामात भर पडली. फवारणी भल्या पहाटे, कारण ऊन चढलं की वारा उठतो आणि औषध शेजाऱ्याच्या मोहरीवर जातं. अगदी शांत हवाही नको, त्यात बारीक थेंब तरंगत राहतात आणि मग कुठेही जातात. हलका, एका दिशेचा वारा बरा. अपघात फवारताना कमी, शेताच्या टोकाला वळताना जास्त: टाकी भरलेली, वेग कमी, आणि नजर पुढच्या ओळीवर.

हिवाळ्यात चाकांऐवजी स्की. सास्काचेवानने १९४६मध्ये सरकारी हवाई रुग्णवाहिका सुरू केली, पण त्याआधी आणि नंतरही जवळच्या शेतावर डॉक्टर नेऊन सोडणं हे गावच्या पायलटकडेच असे. उणे ३०ला इंजिन सुरू करायचं म्हणजे काम आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. इंजिन गरम असतानाच तेल डब्यात काढून घरात न्यायचं. सकाळी ते चुलीवर तापवायचं, इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकून आत ब्लो-पॉट (दाबाने पेटणारा स्टोव्ह) पेटवायचा, शेजारी आग विझवायचं नळकांडं घेऊन माणूस बसवायचा. तो माणूस हलला की तंबू पेटतो. इंजिन तापलं की तेल ओतायचं आणि लगेच सुरू करायचं. पंखांवरचा दहिवर हाताने घासून काढायचा. सँडपेपरइतका खरबरीत थरही उचल मारतो.

स्की बर्फाला चिकटून गोठतात, म्हणून उभं करताना पॉप्लरच्या फांद्यांवर चढवून ठेवा. चिकटल्याच तर शेपूट डावी-उजवीकडे हलवून सोडवा, इंजिनाचा जोर लावू नका. स्कीला ब्रेक नसतो, तेव्हा कुंपणाकडे तोंड करून थांबायचा बेत करू नये. ढगाळ दिवशी सगळं पांढरं झालं की उंची कळत नाही. मग एक फेरी मारून खाली फांद्या टाकायच्या आणि त्यांच्या शेजारी उतरायचं.

शेडमध्ये लावल्यावर एक शेवटचं. या विमानांना कापड आहे, पूर्वी सुती आणि त्यावर डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप), आता पॉलिस्टर. कापड ऊन-पावसाने जातं असं सगळे म्हणतात. आमच्या शेडमध्ये मोठं नुकसान उंदरांचं. कापणीनंतर शेतातले उंदीर आसरा शोधत येतात, शेपटीच्या चाकावरून फ्यूजलाजमध्ये, म्हणजे विमानाच्या धडात, चढतात, घरटं करतात, आणि त्यांच्या मुताने आतल्या नळ्या गंजतात. वरून काहीच दिसत नाही. म्हणून चाकांभोवती गुळगुळीत पत्र्याची उभी नळी ठेवायची, शेजारी धान्याचं पोतं ठेवायचं नाही, आणि वसंतात पहिल्या उड्डाणाआधी तपासणीची सगळी झाकणं उघडून टॉर्च आत घालून पाहायचं. कबमध्ये हे तासाभराचं काम आहे.